तेराव्यानंतरचे दिवस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीत कोणाच्या घरी दुःखद प्रसंग ओढवला म्हणजे माणसे किती तत्परतेने धावून जातात, हे येथे सांगावयास नको. घरच्यांना काही पाहावे लागत नाही. शेजारून पिठले-भात येतो, रात्री सोबतीस कोणी निजावयास येते. तेराव्याचे गोड जेवण झाले की मात्र सारे आपापल्या उद्योगास लागतात. त्यात कोणाचा दोष नाही. परंतु ज्याचे माणूस गेले, त्याचे खरे कठीण दिवस चौदाव्यापासून सुरू होतात. त्या दिवसांविषयीच आम्हांस आज बोलावयाचे आहे.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. पत्नी निवर्तल्यावर त्यांनी सर्व विधी यथासांग केले; डोळ्यांतून टिपूस काढले नाही. पुढे झोप गेली, अन्नावरची वासना उडाली, छातीत दुखू लागले. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले. काही निघाले नाही. ‘नामस्मरण करा, नातवंडांत रमा’ असा उपदेश आम्हीही केला, हे कबूल केले पाहिजे. आठ महिन्यांनी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्यांना समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे धाडले. बाईंनी उपदेश केला नाही. शेवटच्या दिवशी काय घडले, एवढेच विचारून त्या ऐकत बसल्या. तिसऱ्या भेटीत गृहस्थ बोलले. रुग्णालयातून ते चहासाठी खाली उतरले होते आणि तेवढ्यात सर्व आटोपले. ही गोष्ट त्यांनी मुलासही सांगितली नव्हती. मुलाची तर आईच गेलेली; बाप लेकाला जपत होता आणि लेक बापाला. अशा वेळी परके माणूसच उपयोगी पडते. आपण वर असतो तर नेमके काय करू शकलो असतो, हा प्रश्न बाईंनी त्यांना पुनःपुन्हा तपासावयास लावला. दुःख गेले नाही. झोप मात्र आली.

प्रत्येक शोकाकुल माणसास उपचार हवेत, असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांचा शोक आप्तेष्टांच्या सहवासात हळूहळू निवळतो. परंतु सहा महिने उलटूनही जो तसूभर हलत नाही आणि माणसाचा दिनक्रमच मोडून टाकतो, अशा शोकास जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अमलात आलेल्या आपल्या रोगसूचीत स्वतंत्र स्थान दिले आहे.

आजाराचेही असेच. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला मनुष्य जिना चढावयास भितो. त्या भीतीवर हृदयाच्या गोळीचा इलाज नाही. वार्धक्याविषयी तर आपण फारच बेफिकीर आहोत. म्हातारा माणूस त्याच त्या आठवणी सांगतो म्हणून आपण कंटाळतो. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली दाखवून दिले की, हा बुद्धिभ्रंश नव्हे. आयुष्याचा हिशेब मांडण्याची ती मनाची स्वाभाविक धडपड आहे. आज या आठवणींचाच आधार घेऊन वृद्धांवर उपचार केले जातात. वृद्धांचे नैराश्य पुष्कळदा सांधेदुखी, विसराळूपणा यांच्या रूपाने येते आणि ‘वयच झाले’ म्हणून तसेच राहून जाते. वस्तुतः ते बरे होऊ शकते.

साधने नाहीत असेही नाही. १४४१६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ च्या कायद्याने मनाच्या आजारासही शरीराच्या आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण देणे बंधनकारक केले आहे.

अडते ते निराळ्याच ठिकाणी. ते गृहस्थ घराजवळच्या तज्ज्ञाकडे गेले नाहीत. दोन स्थानके पलीकडे जात. कारण विचारता म्हणाले, “नातीचे लग्न व्हावयाचे आहे.” आपल्या वधूवर-सूचक अर्जात ‘कुटुंबात कोणी मानसिक उपचार घेतले आहेत काय?’ असा रकाना आहे. त्याच्या भयाने किती घरांतील आजी-आजोबा रात्र रात्र जागत असतील, याचा विचार त्या अर्जाची वाक्यरचना करताना आम्हीच केला नव्हता. तेव्हा आम्ही कार्यकारिणीवर होतो.

तो रकाना पुढील छपाईत गाळावा, आणि वैद्यकीय साहाय्य निधीतून चष्मा व शस्त्रक्रियेस मदत मिळते तशी समुपदेशनाच्या शुल्कासही, नाव जाहीर न करता, मिळावी, असा लेखी प्रस्ताव आम्ही आज चिटणीसांच्या हाती दिला आहे.