टाके काढायला पेशंट भोकरलाच येतो

नांदेड, लातूर, हैदराबादहून आलेले न्यूरोसर्जन आणि किनवट, हिमायतनगर, उमरी, मुदखेडहून ओपीडी बंद ठेवून आलेल्या माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींनो, भोकरकरांच्या वतीनं आपलं मनापासून स्वागत.

मेंदूतल्या मोठ्या अॅन्युरिझमची चर्चा भोकरला कशाला, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. 25 मिलिमीटरच्या वरचा, आवळ्याएवढा फुगा. वॉल्टर डँडींनी 1937 साली पहिली क्लिप लावली तेव्हापासून ते काम निराळ्या हातांचं. आपल्या माणसांना ते हात आता गाठता येतात. सरकारी खर्चानं उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला नांदेड होता. पण ऑपरेशन कुठंही होवो, टाके काढायला पेशंट भोकरलाच येतो आणि पुढं जे बिघडतं ते आमच्या दारात बिघडतं.

माझ्याकडं अशा एक बाई आल्या. क्लिप लागलेली, बोलणं चांगलं, जखम कोरडी. महिन्याभरानं मुलगा सांगू लागला, "मायचं पाऊल उचलत नाही, लुगड्यात लघवी होते, चुलीवर दूध ठेवून विसरती. वय झालं आता." मीही मान डोलावली, ताकदीच्या गोळ्या दिल्या. दोन आठवड्यांनी सीटी काढला तर मेंदूत पाणी साचलेलं. शंट बसवल्यावर त्या आपल्या पायांनी चालत आल्या. ते दोन आठवडे मला अजून सलतात.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. फुगा फुटलेला असेल तर निमोडिपिन दर चार तासांनी, 21 दिवस. चौथ्या ते चौदाव्या दिवसात नसा आकसण्याची भीती जास्त. लवकर घरी आलेल्या पेशंटला रात्री दोनच्या गोळीसाठी घरचे उठवत नाहीत, झोपू द्या म्हणतात. आणि फुग्याच्या तोंडाशी स्टेंट टाकलेला असला, तर दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्यापैकीच कुणीतरी बंद करतं. आत गुठळी होते, अर्धं अंग जातं.

सर्जन मंडळींना माझं एकच मागणं आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत दोन ओळी लिहा: काय दिसलं तर थांबायचं नाही आणि कोणती गोळी विचारल्याशिवाय बंद करायची नाही. दाराशी नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. रात्री उचलला जाईल असा आपला नंबर तिच्यात लिहा, मगच जेवायला बसा.