तार कुणाच्या डोक्यावरून जाते?



अनंत चतुर्दशीला लालबागच्या रस्त्याच्या कडेला आपण उभे राहतो तेव्हा सगळ्यांची नजर मूर्तीवर असते. माझी मात्र जुन्या सवयीने मूर्तीच्या मुकुटाच्या वर जाते. वीस-बावीस फुटांची मूर्ती लालबागहून गिरगाव चौपाटीपर्यंत जाते आणि तिच्या वाटेत विजेची तार आडवी येत नाही. केबल टीव्हीच्या वायरी कार्यकर्ते बांबूने उचलतात, पण घराघरांत जाणारी वीज रस्त्याखालून गेलेली असते. गावाकडे हेच दृश्य वेगळं असतं. तिथे मिरवणुकीच्या वेळी लाइन बंद ठेवावी लागते आणि वायरमन ट्रॅक्टरच्या पुढे चालतो.

आपल्या डोक्यावरून तार गेली नाही, म्हणजे ती कुठूनच गेली नाही असं मात्र नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली आहे. वीजवाहिन्यांच्या आखणीत माझी बरीच वर्षं गेली. त्या वाटेची ओळख आज आपल्याला करून द्यावी, असं मनात आहे.

सुरुवात परळपासूनच करू. 1915 सालच्या फेब्रुवारीत टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीत उतरायचं आणि तिथे वीज तयार व्हायची. गिऱ्हाईक होतं मुंबईत, इथल्या कापड गिरण्या. त्यासाठी खोपोलीपासून परळपर्यंत सुमारे 70 किलोमीटरची वाहिनी टाकली गेली, एक लाख व्होल्ट दाबाची. एवढा दाब कशासाठी? तीच वीज दुप्पट दाबाने पाठवली तर तारेत वाया जाणारी वीज चौथाई होते. दाब वाढवला की तार उंच न्यावी लागते आणि उंच तारेला मनोरे लागतात.

आता नकाशावर खोपोली आणि परळ या दोन ठिपक्यांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारणं सोपं आहे. प्रत्यक्षात तशी रेघ कधीच टिकत नाही. वाहिनी जिथे वळते तिथला मनोरा दोन्ही बाजूंचा ओढा सोसतो, म्हणून तो जाडजूड आणि महाग असतो. साहजिकच आखणी करणारा शक्यतो वळणं टाळतो. पण जमीन त्याचं ऐकत नाही.

घाटात दोन डोंगरांच्या माथ्यांवर मनोरे उभे केले की मधली दरी एका झेपेत पार होते. दरीच्या तळाशी मनोरा ठेवला तर तार त्याला खाली दाबण्याऐवजी वर उपटू पाहते. सपाट भातखाचरांत काम दिवाळीनंतर, पीक कापून झाल्यावर सुरू करायचं आणि पावसाच्या आत आटपायचं. तिथे खरी काळजी तारेच्या झोळाची. उन्हाने आणि विजेच्या भाराने तार तापते, लांबते आणि खाली येते. म्हणून हिशेब करायचा तो थंडीतल्या ताठ तारेचा नव्हे, मे महिन्यातल्या दुपारचा. 400 केव्हीची तार त्या दुपारीही जमिनीपासून जवळजवळ नऊ मीटर उंच राहिली पाहिजे. पुढे मिठागरं आणि खाडी लागते. तिथे चिखलात खोल खांब रोवून पाया घ्यावा लागतो. खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, आणि धुकं पडलं की त्या ओल्या थरावरून वीज उडी मारते. म्हणून तिथले इन्सुलेटर वेगळे निवडावे लागतात आणि धुवावेही लागतात.

हे सगळं पुस्तकात शिकता येतं. जे शिकता येत नाही ते मला खालापूरच्या बाजूला एका शेतकऱ्याने सांगितलं. आम्ही त्यांच्या बांधावर खुणेचे दगड रोवत होतो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, दिवा तुमच्या घरी आणि तार आमच्या डोक्यावर. सातबारा माझ्याच नावावर राहील म्हणता. पण घर बांधू का? आंबा लावू का?" मला दोन्ही प्रश्नांना नाही म्हणावं लागलं.

त्यांचं बोलणं अगदी अचूक होतं. वाहिनीसाठी जमीन सहसा संपादित होत नाही, ती मालकाचीच राहते. पण 400 केव्हीच्या तारेखालचा सुमारे 50 मीटर रुंदीचा पट्टा घराला आणि उंच झाडाला बंद होतो. केंद्र सरकारने 2015 साली राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या 85 टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त 15 टक्के भरपाई सुचवली होती. 2024 साली हे आकडे 200 आणि 30 टक्क्यांवर नेले गेले. त्या बांधावरच्या प्रश्नाला सरकारी कागदावर वजन यायला इतकी वर्षं लागली.

मग सगळीच तार जमिनीखालून का नेत नाहीत, असं आपण विचाराल. भूमिगत केबलचा खर्च कित्येक पट असतो, घाटातला खडक फोडावा लागतो आणि बिघाड झाला तर तो शोधण्यातच वेळ जातो. शिवाय लांब पल्ल्यावर केबलची बरीचशी क्षमता तिच्या स्वतःच्याच विद्युतभारात खर्ची पडते.

आणि वाहिनी टाकूच नये म्हटलं, तर 12 ऑक्टोबर 2020ची सकाळ आठवा. कळव्याकडच्या 400 केव्ही वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि दहाच्या सुमारास मुंबई ठप्प झाली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं रखडलेल्या खारघर-विक्रोळी वाहिनीची निकड सगळ्यांना पटली. तिच्या वाटेत ठाण्याची खाडी आणि खारफुटी होती. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, तीही घ्यावी लागली. 2023च्या ऑक्टोबरात ही वाहिनी सुरू झाली.

तेव्हा तार हवी आहेच. माझं म्हणणं एवढंच, की आखणी करणाऱ्याने नकाशावर रेघ मारण्याआधी त्या रेघेखालून एकदा पायी चालावं. कुणाचं घर, कुणाची आमराई, कुठली खारफुटी वाचवता येईल ते पाहावं. त्यासाठी दोन वळणं वाढली, चार मनोरे जड झाले, तर तो खर्च वीज वापरणाऱ्या आपण सगळ्यांनी कुरकुर न करता सोसावा.

पुढच्या वेळी लालबागला मिरवणूक पाहताना जरा वर पाहा. तिथलं आभाळ मोकळं आहे. ते मोकळं ठेवण्यासाठी कुणाच्या तरी शेतातला आंबा तुटलेला आहे, एवढं लक्षात असू द्या.