खेळण्याने मुलाला उत्तर द्यावे



पोळ्याला मातीचे बैल आणि सुगीनंतर ज्वारीच्या धाटांच्या गाड्या, ही जालना जिल्ह्यातील बालपणाची जुनी संपत्ती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच मातीच्या गाडीवरून पडले आहे. बालकाचे खेळणे क्षुल्लक नसते, हे या भूमीला पूर्वापार ठाऊक आहे. पण ज्याची मूठ वळत नाही किंवा ज्याला दिसत नाही, त्या मुलाने या गाडीशी कसे खेळावे?

ढकलली की गाडी चालते, सोडली की थांबते. आपल्या कृतीने जग हलते, हा पहिला धडा मूल येथे शिकते. मूठ न वळणाऱ्या मुलासाठी चावी दुसरेच कोणी फिरवते आणि ते मूल प्रेक्षक बनते. प्रयत्न व्यर्थ आहेत, ही समजूत त्याच्या मनात रुजू लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाची तरतूद ६ ते १८ या वयासाठी आहे. त्याआधीची मोलाची वर्षे घर आणि अंगणवाडी यांच्याच हाती असतात.

उपाय साधा आहे. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पातळ पट्ट्या लावून तो सेल आणि त्याच्या टोकाची पत्री यांच्यात सरकवावा. पट्ट्यांच्या दोन तारा तळहाताएवढ्या बटणाला जोडाव्यात. बटण दाबले की खेळणे चालेल, सोडले की थांबेल. मूल जो अवयव स्वेच्छेने हलवू शकते, मग ते कोपर असो, पाऊल असो वा डोके, तेथे बटण ठेवावे. दृष्टिहीन मुलाच्या चेंडूत घुंगरू असावे. कर्णबधिर मुलाला प्रकाश किंवा कंप मिळावा. पकड कमकुवत असल्यास मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी. सुटे बारीक भाग व उघडे बटण-सेल मात्र कटाक्षाने टाळावेत; ते गिळले जाण्याचा धोका असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मोठ्यांनी वाट पाहावी. मुलाच्या हालचालीला वेळ लागतो. घाईने बटण आपण दाबले तर सारा खटाटोप वाया जातो.

स्वीडनमध्ये १९६३ साली दिव्यांग मुलांना खेळणी घरी नेऊ देणारे ‘लेकोटेक’ सुरू झाले. गावोगावच्या अंगणवाडीत अशी एक पेटी ठेवणे अशक्य नाही. अंबडचा सुतार, परतूरचा वायरमन, भोकरदनचा शिंपी यांनी मनावर घेतले तर ती सहज भरेल. यात उपकाराची भावना नसावी. समाजपुरुषाचे हे आपल्याच लेकरांप्रती कर्तव्य आहे.