नावापुढचा 'रोड'
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्याकडे पहिल्यांदाच येणारा पाहुणा डहाणू रोडला उतरतो आणि विचारतो, "किल्ला कुठाय?" मग सांगावे लागते, की बाबा, हे डहाणू नव्हे, डहाणू रोड. खाडीकाठचे जुने डहाणू इथून तीन-चार किलोमीटरवर. रेल्वेने नावापुढे 'रोड' लावला की ओळखावे, गाव अजून लांब आहे, रिक्षा करावी लागेल. आज बाजार, बँका, दवाखाने बहुतेक स्टेशनाभोवतीच दिसतात. नाव गावाचे, पण बरकत रुळांची!

अशीच एक गोष्ट स्पेनमध्ये घडली. माद्रिदच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवर ग्वादालाहारा नावाचे शहर आहे. नाव मूळ अरबी, अर्थ दगडगोट्यांची नदी. स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले तेव्हा हे नाव सोबत घेऊन गेले. मेक्सिकोतले ग्वादालाहारा १५३२ साली वसले. पण पाणी आणि स्थानिकांशी लढाया यांच्यापायी दहा वर्षांत त्याने तीनदा जागा बदलली आणि १५४२ साली ते आजच्या ठिकाणी स्थिरावले. गाव हलले, नाव तेच. आज ते मूळ शहराच्या कितीतरी पट मोठे आहे. आपल्या शेजारच्या संजाणचे नावही इराणहून आलेल्या पारशांनी आपल्या खोरासानातल्या संजाणवरून ठेवले, असे मानतात. घर सुटलेल्या माणसाला नाव तेवढे बरोबर नेता येते.

नावांचा विषय निघालाच आहे तर आपला चिकूही घ्या. झाड मेक्सिकोकडचे. तिथे त्याला 'चिकोसापोते' म्हणतात, फिलिपीन्समध्ये 'चिको'. स्पॅनिश जहाजांनी फिरवलेले हे नाव घोलवडच्या वाडीत येऊन मराठी झाले.

पण मी सांगत होतो रेल्वेचे. २००३ साली वेगवान रेल्वे ग्वादालाहाराला आली, म्हणजे शहरात नाही, आठ-नऊ किलोमीटर दूर माळावर. स्थानकाचे नाव ग्वादालाहारा-येबेस. येबेस हे तिथले छोटेसे गाव. स्थानकाशेजारी तीसेक हजार माणसांचे नवे शहर उठणार होते. इमारती उभ्या राहू लागल्या आणि २००८च्या मंदीत काम थांबले. अर्धवट वस्ती कित्येक वर्षे ओसाड राहिली. अलीकडे तिथे थोडी माणसे आली. शहरातले जुने स्थानक मात्र गजबजलेलेच राहिले, कारण तिथून माद्रिदची लोकल मिळते. नोकरदाराला वेगापेक्षा घराजवळची गाडी आणि परवडणारे तिकीट महत्त्वाचे. डहाणूकरांना हे सांगायला नको. एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा केवढा आनंद झाला होता!

स्पेनची एक गाडी आपल्या रुळांवरूनही धावून गेली आहे. २०१६ साली टॅल्गोचे डबे चाचणीसाठी आले. त्यांचे जुने रूळ १६६८ मिलिमीटर रुंदीचे, आपले १६७६. फरक आठ मिलिमीटरचा. सप्टेंबरमधल्या शेवटच्या चाचणीत दिल्लीहून निघालेली गाडी बारा तासांच्या आत मुंबईला पोचली. मध्यरात्रीनंतर कधीतरी ती डहाणू रोडवरून गेली असेल. इथे कुणाला जाग आली असेल, असे वाटत नाही.

आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे काम चालू आहे. ५०८ किलोमीटर, बारा स्थानके. मार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. जमिनी इथल्या आदिवासींच्याही गेल्या. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते. पालघर जिल्ह्यात स्थानके दोनच, विरार आणि बोईसर. बोईसरचे नवे स्थानकही जुन्यापासून वेगळ्या जागी आहे, म्हणजे त्यालाही मनातल्या मनात 'रोड' लावूनच घ्या. बोईसरच्या पुढचा थांबा थेट वापी.

तलासरी गावाला तर आजही रेल्वे नाही. आहे तो महामार्ग. सकाळी उंबरगावच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरे शेअर जीपला लटकून जातात. गाडी त्यांच्या रानातून जाणार, तर बोईसरच्या स्थानकापर्यंत तलासरीहून एसटी असेल का, असली तर किती वाजता, आणि रात्री परतायला शेवटची कोणती? त्या माळावरच्या ग्वादालाहाराला उतरणाऱ्यालाही पहिल्यांदा हेच विचारावे लागते, की शहराकडे जाणारी बस कधी आहे.