माघार आणि एकोणतिसाचा पाढा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘मनाली ते लेह, सायकलवर, एकट्याने’. सकाळपासून चहाच्या रांगेत मला तीनच प्रश्न विचारले गेले. पंक्चर किती झाली, बायको सोडते कशी, आणि बसायला दुखत नाही का? उत्तरं अशी: चार, तिलाच विचारा, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि हो, दुखतं.

आता कोणी न विचारलेलं सांगतो.

जुलै २०१८. अटल बोगदा तेव्हा सुरू झाला नव्हता, रोहतांग चढूनच जावं लागे. अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे पाच-सहा दिवसांचं काम. पण इथे वाटेत पाच खिंडी आहेत, आणि शेवटची तंगलंगला ५,३२८ मीटरवर. तंडीच्या पेट्रोलपंपावर पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सायकलला पेट्रोल लागत नाही, तरी ती पाटी वाचून पोटात गोळा येतोच.

दारच्याच्या पुढे मागच्या चाकाचा स्पोक तुटला. तुटतो तो बहुतेक चेनच्या बाजूचाच, कारण सामानाचं वजन आणि पायाचा जोर दोन्ही तिथे येतात. तो बदलायला आधी फ्रीव्हील काढावं लागतं. पाना होता, जादा स्पोक होते. भागा नदीच्या काठी दीड तास बसलो, चाक डुगडुगायचं थांबलं, हात काळे झाले. अशा अडचणी मला खरं तर आवडतात. पुढे एक नाला दुपारी दुथडी वाहत होता. ऊन वाढलं की बर्फ वितळतं आणि पाणी चढतं. थांबलो, पहाटे घोट्याएवढ्या पाण्यातून सायकल ढकलत पार झालो. थांबायची तयारी असली की काम भागतं.

सरचूला मात्र पाना नव्हता.

सरचू सव्वाचार हजार मीटरच्या वर आहे. मी केलाँगला दोन रात्री राहून, मध्ये मुक्काम करत गेलो होतो. पण विरळ हवा कोणाला कधी धरेल, याचा व्यायामाशी किंवा वयाशी फारसा संबंध नसतो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. रात्री दोन उलट्या झाल्या. एकट्याने जाण्यातली खरी अडचण इथे येते. डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवायला दुसरं डोकं नसतं. म्हणून मी रोज सकाळी एकोणतिसाचा पाढा म्हणायचो. पाचवीत बाईंनी तो घोटून घेतला होता. बाई, तुम्ही इथे आहात म्हणून सांगतो, त्या सकाळी मी एकोणतीस सकला अडलो. तीनदा अडलो.

तंबू चालवणाऱ्या बाईंना म्हटलं, दीदी, मी सरळ चालतोय का बघा. टाचेला बोट लावत एका रेषेत चालायचं, हीच परीक्षा. ती म्हणाली, “अंकल, आप टेढ़ा चल रहे हो.” तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, आणि त्यावर पहिला उपाय एकच: खाली उतरणं. सरचूची गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की खाली जायलाही आधी वरच चढावं लागतं. एकीकडे बारालाचा, दुसरीकडे नकीला आणि लाचुलुंगला. मध्ये आपण वाटीत बसलेले.

मनालीकडे निघालेला एक रिकामा ट्रक तिनेच थांबवला. सायकल मागे टाकली. बारालाचा ओलांडेपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून मनात पाढा म्हणत होतो आणि सकवरच थांबत होतो. जिस्पा ३,२०० मीटरवर आहे. तिथे संध्याकाळी सूप प्यायलो, आणि एकोणतीस दाहेपर्यंत सलग गेलो.

तिथे तीन रात्री राहिलो. या तीन रात्री चढापेक्षा जड गेल्या. फोन लागत होता. वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, “कुठे पोचलास?” मी लिहिलं, जिस्पा. लगेच उत्तर: “चार दिवसांपूर्वीपण जिस्पालाच होतास ना रे?” नाव घेत नाही, तो पुढेच बसून हसतोय. बायको एवढंच म्हणाली, “तिकीट बदलायचं असेल तर आजच सांग.” मी उद्या सांगतो म्हटलं. ऐंशीएक किलोमीटर पुन्हा तेच. वळण न् वळण माहीत होतं, पुढे नवीन काय असेल ही उत्सुकताही नाही. मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये तिघांनी ती पुरी केली. त्या दिवसांत मला उरलेल्या तिघांचीच आठवण जास्त येत होती.

चौथ्या दिवशी निघालो. पत्सिओला एक मुक्काम, वर अजून दोन. बारालाचा दुसऱ्यांदा चढलो तेव्हा धापा तेवढ्याच लागल्या.

पुढचं थोडक्यात. गाटा लूप्सची एकवीस वळणं मोजून काढली. मोरेच्या पठारावर दुपारी समोरून असा वारा की माणूस चालेल तेवढाच वेग, म्हणून पहाटे पाचला निघायचो. तंगलंगलाचे शेवटचे तीन किलोमीटर सायकल ढकलली. लेहला पोचलो तेव्हा रजा संपत आली होती. खारदुंगला राहिला.

सरचूचं सांगायचं राहिलंच. दुसऱ्यांदा पोचलो तेव्हा ती दीदी तंबूबाहेरच भांडी घासत होती. सायकल टेकवून मी चहा मागितला. तिने हात पुसले, जमिनीवर काठीने एक रेघ ओढली आणि म्हणाली, “पहले चल के दिखाओ.”