‘शिकलेला कोण आहे तुमच्यात?’

(पदवीधर तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्यापैकी घरातले पहिले पदवीधर किती, असं विचारलं तर जवळजवळ सगळे हात वर जातील. म्हणून दुसराच प्रश्न विचारतो. नात्यात कुणी आजारी पडलं की फोन कुणाला येतो? तुम्हालाच. तुम्ही इतिहासात एम.ए. केलेलं असो की बी.कॉम., मामाला, चुलतीला, शेजारच्या आजीला वाटतं की हा शिकलाय, ह्याला दवाखान्यातलं कळत असेल.

२००९ सालची गोष्ट सांगतो. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. एका रात्री त्यांच्या पोटात असह्य दुखायला लागलं, म्हणून आम्ही त्यांना एका खाजगी रुग्णालयात नेलं. काउंटरवरून आवाज आला, “शिकलेला कोण आहे तुमच्यात?” काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. त्या हातात केवढा अभिमान होता! समोर चार पानांचा इंग्रजी फॉर्म आला. मी बी.ए. झालेलो, पण मराठी माध्यमातून. पहिल्या दोन ओळी कशाबशा लागल्या, पुढचं काही कळेना. कळत नाही असं म्हणायची लाज वाटली. मी सही केली.

अकराव्या दिवशी वडील गेले. त्यांना नेमकं काय झालं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. केस पेपर मागितले तेव्हा “ते नातेवाइकांना देत नसतात” असं उत्तर मिळालं. बिलावर एकच मोठी रक्कम होती, कशाचे किती ते नव्हतं. आईचे दागिने मोडून ती भरली. आई पुढे कितीतरी वर्षं विचारायची, “त्या कागदावर काय लिहिलं होतं रे?”

बऱ्याच वर्षांनी मला कळलं की डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत २००२ पासूनच नियम आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी द्यायच्या, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या. म्हणजे मी काउंटरवर उभा होतो तेव्हा तो नियम सात वर्षांचा झाला होता. तो मला माहीत नव्हता, आणि समोरच्याने सांगितला नाही. पदवी माझ्याकडे होती, पण त्या रात्री ती कामाला आली नाही.

म्हणून आजचा विषय रुग्णांचे हक्क, आणि ते हक्क मिळवणाऱ्या संघटना.

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार होता. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेलं. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात पदरचे पैसे घालून उपचार घ्यावे लागले. असं आपल्याकडे किती जणांचं होतं! पण हा माणूस शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद होता. पश्चिम बंग खेत मजदूर समिती ही ती संघटना. ती त्याच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग. सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. हा निकाल आजही देशभर आधाराला घेतला जातो. त्याच्यामागे संघटना नसती, तर त्याचीही गोष्ट माझ्या आईच्या प्रश्नासारखी घरातल्या घरात राहिली असती.

आता मोठ्या आघाडीकडे येतो. १९७८ मध्ये अल्मा-आता इथे जगातल्या देशांनी जाहीर केलं होतं की २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य मिळेल. २००० साल आलं, आरोग्य काही आलं नाही. तेव्हा देशभरातले कार्यकर्ते कोलकात्यात जमले आणि पाठोपाठ डिसेंबरात बांगलादेशात सावर इथे जगभरातले लोक जमले. त्यातून आपल्या देशात जन स्वास्थ्य अभियान उभं राहिलं. ही एक संस्था नाही. आरोग्य कार्यकर्ते, लोकविज्ञान चळवळी, महिला संघटना अशा अनेकांची ही आघाडी आहे. २००४ मध्ये अभियानाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासोबत देशाच्या वेगवेगळ्या भागांत जनसुनावण्या घेतल्या. ज्यांना उपचार नाकारले गेले ते लोक माईकसमोर उभे राहिले आणि अधिकाऱ्यांना ऐकून घ्यावं लागलं. महाराष्ट्रात २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात गावातल्या लोकांनीच प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरलं.

२०१८ मध्ये मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद पुढे आली. तिच्यात १७ हक्क होते. उपचाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं, केस पेपरच्या प्रती मिळणं, तपशीलवार बिल मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेता येणं, बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणं, हे सगळं त्यात आहे. जातीवरून भेदभाव न होण्याचा हक्कही त्यात शब्दांत लिहिलेला आहे. २०१९ मध्ये केंद्राने ही सनद लागू करण्यासाठी राज्यांना पत्र पाठवलं. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे खरी लढाई प्रत्येक राज्यात आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम बदलले. आता रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदाच झाला. खाजगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं, तरी झाला. त्यामागेही वर्षानुवर्षांची लोकांची मागणी होती.

मुंबई-पुण्यात नातेवाइकांना घेऊन जावं लागणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णालयाला डिपॉझिट मागता येत नाही. ही भीक नाही. न्यास म्हणून मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यात त्यांच्यावर असलेलं ते बंधन आहे.

आता जातीचं बोलू. पुष्कळ जणांना वाटतं की दवाखान्यात जात कुठे असते, तिथे फक्त पैसा असतो. मग संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाचा २०१८ चा अहवाल बघा. दलित स्त्रीचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी असल्याची नोंद त्यात आहे. गुजरात आणि राजस्थानच्या गावांत दलित मुलांचा जो अभ्यास झाला, त्यात तपासताना आणि औषध देताना स्पर्श टाळला जातो हे नोंदवलं गेलं. उपकेंद्र गावात आणि वस्ती गावाबाहेर, हे तर आपण बघतच मोठे झालो. आणि वॉर्ड झाडणारे, घाण उचलणारे हात कुणाचे असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं की, आरोग्याच्या चळवळीत आपण फक्त जनसुनावणीला साक्ष द्यायला जाऊ नये. दुःख आपलं आणि अहवाल दुसऱ्याचा, असं फार वर्षं चाललं. अहवाल आपण लिहावा, मागण्यांचा मसुदा आपण करावा. रुग्णालयांची आकडेवारी जातनिहाय मागावी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपण हा त्या बाईचा खाजगी प्रश्न आहे असं म्हणून ते गप्प बसले नाहीत. आपल्या घटनेतलं कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं. त्यामुळे सरकारी दवाखाना चांगला चालावा ही मागणी सोडून नुसतं खाजगी बिलावर भांडत बसलो, तर आपली बहुसंख्य माणसं बाहेरच राहतील.

तीन कामं सांगतो. पहिलं, सनद मराठीत छापून घ्या आणि बुद्धविहारात, वाचनालयात, वस्तीच्या चौकात लावा. दुसरं, पाच-सहा पदवीधरांचा गट करा. रात्री-अपरात्री फोन आला तर एकाने रुग्णालयात जायचं, दुसऱ्याने कागद बघायचे, तिसऱ्याने तक्रार लिहायची. एकट्यावर भार आला की माणूस लाजतो आणि सही करून मोकळा होतो, हे मी भोगलंय. तिसरं, तुमच्या जिल्ह्यात आरोग्यावर काम करणारी आघाडी शोधा, तिच्या बैठकीला जा आणि मागच्या खुर्चीत बसू नका.

आमच्याकडे असा गट आहे. मध्यंतरी वस्तीतल्या एका मुलीने फोन केला. आईला दाखल करत होते, समोर इंग्रजी फॉर्म होता. मी तिला म्हटलं, “त्यांना सांग, मी शिकलेली आहे, म्हणूनच समजल्याशिवाय सही करणार नाही. मराठीत समजावून सांगा.” तिने तसंच सांगितलं. डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. नियम आहे हे त्यांनाही माहीत होतंच. विचारणारं कुणीतरी लागतं.

माझ्या आईला मी उत्तर देऊ शकलो नाही. तुमच्या आईने तोच प्रश्न विचारला, तर तुमच्याकडे उत्तर असावं, एवढ्यासाठी आलो होतो.

जय भीम.