काबूल, असई आणि आपला मेंटेनन्स विभाग



देखभाल अभियंत्यांच्या अधिवेशनात अध्यक्ष लढाईवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगांत चुळबुळ झाली, ती मला इथून दिसली. पण काबूल का पडले, हा प्रश्न आपल्याच खात्यातला आहे.

15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती गेले. कागदावर अफगाण फौज आणि पोलीस मिळून तीन लाख. अमेरिकेने त्यांच्यावर 80 अब्ज डॉलरहून अधिक ओतलेले. झारंज ही पहिली प्रांतिक राजधानी 6 ऑगस्टला पडली आणि दहाव्या दिवशी खेळ आटोपला. अफगाण शिपाई भित्रा निघाला, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. मला ते पटत नाही. वीस वर्षांत त्यांचे सुमारे 66 हजार जवान आणि पोलीस मारले गेले. त्यांचे काही अधिकारी तर आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले. शिकवणीत खोट नव्हती.

खोट हँगरमध्ये होती. रशियन बनावटीचे एमआय-17 हेलिकॉप्टर अफगाण मेकॅनिकच्या हातातले होते. बरीचशी दुरुस्ती तो स्वतः करी. एमआय-17 च्या जागी ब्लॅक हॉक आणायला सुरुवात झाली, आणि त्याची देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे राहिली. फेब्रुवारी 2020 च्या अमेरिका-तालिबान दोहा करारात सैन्याबरोबर हे कंत्राटदारही माघारी न्यायचे ठरले. मग बिघडलेला भाग व्हिडिओ कॉलवर दाखवून पलीकडच्याचा सल्ला घ्यायची पाळी आली. हसू नका. चाकणला पहाटे लाइन थांबली की जर्मनीतला माणूस उठेपर्यंत आपण दुसरे काय करतो? पीएलसीचा पासवर्ड त्याच्याकडे!

हेलिकॉप्टर उडेना, तेव्हा दूरच्या ठाण्यांवर ना दारूगोळा पोचला, ना भाकरी. जखमींना उचलायला कोणी नाही, पगार महिनोन्‌महिने थकलेले. अशा ठाण्यांकडे तालिबानने गावातले वडीलधारे पाठवले: शस्त्रे ठेवा, सुखरूप घरी जा. पुष्कळ ठाणी गोळी न झाडता गेली.

रसद तुटली की कवायत कामाला येत नाही, हे आपल्या मावळाने फार पूर्वी पाहिले आहे. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून पुण्यावर निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून ओस पाडले होते. मागे फिरलेल्या त्या फौजेला वडगावात कोंडून तह लिहून घेतला. त्या मोहिमेत महादजी शिंदे होते, आणि पुढे कवायती कंपूंचा, म्हणजे युरोपीय धर्तीच्या पलटणींचा, नाद लागला तोही त्यांनाच.

त्यांच्या पदरी आलेल्या डी बॉईन या युरोपीय अधिकाऱ्याने ते कंपू 1784 पासून बांधले. तोफा आग्र्याला ओतल्या जात, शिपाई इथलेच. हुकूम देणारे मात्र बहुतेक युरोपीय, आणि फौजेच्या खर्चासाठी नेमलेल्या मुलखाचा वसूलही त्यांच्याच हाती. महादजी 1794 मध्ये वानवडीला वारले. त्यांच्या गादीवर दौलतराव शिंदे आले, डी बॉईनच्या जागी पेरॉन आला. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय कंपनी करील. इंग्रज अधिकारी गेले. खुद्द सेनापती पेरॉन सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

शिपाई मात्र गेला नाही. जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबरला याच तोफखान्याने इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसे ठार-जखमी केली. 1 नोव्हेंबरला उत्तरेत लासवाडीच्या लढाईत युरोपीय अधिकारी जवळजवळ उरलेच नव्हते. तरी पलटणी जागच्या न हलता कापल्या गेल्या. तोफ आपली, गोलंदाज आपला. फौज कोणी आणि कशी हलवायची, एवढेच आपल्याला कुणी शिकवले नव्हते आणि आपणही विचारले नव्हते. मला काबूलपेक्षा हे जास्त टोचते.

असो. दुपारच्या सत्रासाठी आपण मशिनच्या याद्या आणल्या आहेत. त्यांत एक रकाना वाढवा: पासवर्ड आणि ड्रॉइंग कोणाकडे, सुटा भाग कुठून येतो. भोसरीच्या लघुउद्योजकांना मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसवले आहे. त्यांनी तो रकाना वाचावा, आणि यातले काय करून देता येईल, किती दिवसांत, ते तिथल्या तिथे सांगावे.